आत वळलेली पापणी

दार बायकोनं उघडलं तेव्हा उजेड तिच्या पाठीमागे होता, म्हणून त्याला लगेच काही दिसलं नाही. थोरल्या भावाचं मांडीचं हाड मोडलं म्हणून तो दोन आठवडे भावाकडे राहून परत आला होता. पिशवी कोपऱ्यात ठेवली, हातपाय धुतले, आणि चहाचा कप पुढं करायला ती खिडकीकडे वळली तेव्हा तिच्या उजव्या डोळ्याखाली पिवळट हिरवा डाग दिसला, मुका मार जुना होत आला की दिसतो तसा. त्याला वाटलं, पडली. एकटी असताना न्हाणीघरात घसरली आणि मुद्दाम कळवलं नाही. "कुठं लागलं?" त्यानं विचारलं. "लागलं नाही," ती म्हणाली, "पापणीचं करून घेतलं. टाके निघाले परवा." मग बशीत दोन बिस्किटं ठेवून ती वाळलेले कपडे काढायला आत निघून गेली, जणू दूधवाल्याचा निरोप सांगितला. तो कप हातात धरून बसला. चहा निवला, वर साय धरली, तरी तो तसाच. करून घेतलं. घर झाडून घेतलं, केस कापून घेतले, तसं.

खरं तर त्याला आनंद व्हायला हवा होता. कोणाच्याही नवऱ्याला झाला असता. ती कपड्यांचा ढीग घेऊन परत आली तेव्हा त्यानं चोरून बघितलं. काम सुरेख झालं होतं. खालची पापणी, जी इतकी वर्षं सैल पडून आत गुंडाळली जायची आणि आपलेच केस आपल्याच बुबुळावर घासत राहायची, ती आता सरळ उभी होती; केस बाहेरच्या अंगाला, जिथं असायला हवेत तिथं. डोळा पांढरा स्वच्छ दिसत होता. पाणी नव्हतं. ती दर दोन मिनिटांनी पदराचं टोक डोळ्याला लावायची, ते लावत नव्हती. त्याच्या मनात आलं, हा डोळा मी ओळखत नाही. आणि लगेच दुसरं आलं, की आज रविवार आहे आणि मला काही काम नाही.

रविवारी, म्हणजे सगळ्याच रविवारी नव्हे, महिना दीड महिन्यानं एखाद्या रविवारी, सकाळची कामं उरकली की ती खिडकीपाशी पाटासारख्या बुटक्या स्टुलावर येऊन बसायची. बोलवावं लागत नसे. दोन दिवस आधीपासून तिची पापणी जास्त लवायला लागे, उजेडाकडे पाठ करून बसणं सुरू होई, आणि त्याला कळे की केस पुन्हा उगवले. तो चिमटा उकळून घेई, हात साबणानं दोनदा धुई, दुकानातलं भिंग डोळ्याला लावी आणि खुर्चीत बसून तिचं डोकं आपल्या गुडघ्यावर मागं टेकवी. डाव्या अंगठ्यानं खालची पापणी हलकेच ओढली की ते दिसत. लहान, आखूड, उपटून उपटून राठ झालेले, काही तर इतके फिके की उजेड तिरपा पडल्याशिवाय नजरेलाच येत नसत. तो एकेक केस मुळाशी धरून ज्या दिशेला उगवलाय त्याच दिशेला ओढी, म्हणजे मध्येच तुटत नाही. तिचा श्वास त्याच्या मनगटाला लागे. ती काही बोलायला तोंड उघडू लागली की तो म्हणे, "बोलू नकोस, हलतं." मग ती गप्प राही, आणि त्या गप्प राहण्यात त्याला असं वाटे की आपण दोघं एका घरात राहतो. इतर वेळी त्याला तसं नेहमी वाटत नसे.

तो चष्म्याच्या दुकानात कामाला होता. चेहऱ्यावर चौकट बसवणं, कानामागची दांडी वाकवून सारखी करणं, नाकावरच्या गाद्या बदलणं, पडलेला स्क्रू पुन्हा घालणं. या कामात माणसांचे डोळे वीतभर अंतरावरून दिसतात. इतक्या जवळून सख्खी भावंडंसुद्धा एकमेकांचे डोळे बघत नाहीत. हळूहळू त्याला न सांगता दिसायला लागलं होतं. पापणीच्या काठावर लालबुंद, ठणकणारी पुळी आली की ती रांजणवाडी. ती फोडू नका, गरम पाण्यात फडकं पिळून शेका. न दुखणारी, वाटाण्यासारखी टणक गाठ असली तर तिची घाई नसते, पण तीच गाठ त्याच जागी परत परत येत असेल आणि तिथले केस झडले असतील, तर तो गिऱ्हाइकाला चौकटी दाखवणंच थांबवी आणि म्हणे, "आधी वर जाऊन या, चष्मा कुठं पळून जात नाही." वर म्हणजे वरच्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंचा दवाखाना. केसांच्या मुळाशी कोंडा धरलेल्या पापण्या, वयानं बाहेर उलटून लाल पडलेल्या पापण्या, एका बाजूची झाकण पडल्यासारखी खाली आलेली पापणी आणि तिला उचलायला कायम वर चढवलेली भुवई. एकदा एक म्हातारे आले, सारखा रुमाल डोळ्याला. म्हणाले, "सून गावभर सांगते, सासरे रडतात म्हणून. माझी फुकट बदनामी." त्यानं त्यांच्या नाकाच्या कडेला आलेली सूज बघितली आणि म्हणाला, "आजोबा, तुमचा नळ बरोबर चाललाय, मोरी तुंबलीय." ते इतके हसले की दोन्ही डोळे गळायला लागले.

तुंबलेली मोरी त्याला फार जुनी ओळखीची होती. मुलगी झाली तेव्हा तिचा एक डोळा रोज सकाळी चिकटलेला असे, पापण्या पिवळ्या पाझरानं एकमेकींना धरून बसलेल्या. दवाखान्यातल्या तेव्हाच्या डॉक्टरांनी दाखवलं होतं: करंगळीचं टोक डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात ठेवायचं आणि नाकाच्या कडेनं खाली दाबत न्यायचं, अश्रूंची वाट आपसूक मोकळी होते. बायको घाबरायची. "एवढंसं नाक, मोडेल ना हो." म्हणून ते काम त्याच्याकडे आलं. कामावर जायच्या आधी तो मुलीला मांडीवर घेई, ती रडे, मग रडणं विसरून हुं हुं करत काहीतरी गुणगुणू लागे, दात नाहीत, शब्द नाहीत आणि सूर आहे. त्यावरून तिचं नाव भुंगी पडलं. डोळा वर्षाच्या आत मोकळा झाला. गुणगुणणं मात्र राहिलं. अभ्यास करताना, केस विंचरताना, फोनवर कोणाचं तरी ऐकून घेताना तिचं खाली कुठंतरी हुं हुं चालू असे, आणि आई ओरडे, "अगं, त्या बिचारीला वाटेल तू तिची टिंगल करतेस."

भुंगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना गेली. ताप छातीत उतरला, आणि ज्याला सगळे साधा ताप म्हणत होते तो आठवडाभरात तिला घेऊन गेला. दुपारची वेळ होती. तो तिच्याजवळ बसला होता आणि बायको खाली औषधाच्या दुकानात गेली होती. पुढचं त्यानं कोणाला सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही. माणसं आली, गेली, माणसांनी डबे आणले, डबे परत नेले. मग घरात दोघंच उरली. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडणात निदान एकानं विचारायचं आणि दुसऱ्यानं उत्तर द्यायचं असतं. त्यांच्यात काहीच झालं नाही. गॅस संपलाय, विजेचं बिल भरलं का, शेजारच्यांकडे पाहुणे आलेत, इतकं बोलून दिवस पुरा होई. ती ग्रंथालयात फाटक्या पुस्तकांची बांधणी करायची. तिथून येताना तिच्या बोटांना खळीचा वास असे. तो दारातच तिच्या हातातली पिशवी घेई. ती म्हणे, "राहू द्या." रोज तो घेई, रोज ती म्हणे.

काही वर्षांनी तिचा उजवा डोळा गळायला लागला. नातेवाइकांना वाटलं, अजून रडते. शेजारीण म्हणाली, "आईचं काळीज." त्यालाही तसंच वाटलं. आणि वाटलं म्हणून तो त्या डोळ्याकडे बघेनासा झाला. दुसऱ्यांचे डोळे दिवसभर निरखणारा माणूस घरी आला की भिंतीकडे बघून जेवायचा. तिच्या रडण्यात शिरायचा आपल्याला हक्क आहे का, हे त्याला ठरवता येत नव्हतं. मग एका सकाळी ती तोंड धुताना बेसिनपाशीच थांबली आणि म्हणाली, "अहो, बघता का जरा? काहीतरी खुपतंय." त्यानं तिला खिडकीशी आणलं, पापणी ओढली, आणि बघितलं तर खालच्या पापणीचे केस आत वळून बुबुळाला टेकले होते. त्या क्षणी त्याला जे वाटलं त्याची नंतर त्याला लाज वाटे, पण ते खरं होतं: त्याला बरं वाटलं. तिच्या डोळ्यातल्या पाण्याला कारण होतं, आणि ते कारण चिमट्यात धरून बाहेर काढता येत होतं. डॉक्टरीणबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, वयानं पापणी सैल पडते, छोटं काम आहे, भूल फक्त तेवढ्या जागेला, करून टाका. केस उपटून पुन्हा येतात आणि येतात ते जास्त टोचरे येतात. ती म्हणाली, "बघू. हे काढतात की." जिना उतरताना तो मागं राहिला होता, कारण आपल्या तोंडावर काय दिसतंय ते तिला दिसू नये असं त्याला वाटलं.

आणि आता तिनं करून घेतलं. तो गावाला गेल्यावर. रविवारची दुपार त्यानं पेपर वाचण्यात घालवली, म्हणजे पेपर तोंडापुढं धरण्यात. त्याच्या मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती, की तिनं वाट बघितली असणार. आपण कधी घराबाहेर पडतो याची. भावाचं हाड मोडलं आणि तिला सवड मिळाली. माणूस नकोसं झालं की त्याच्यासमोर भांडून काही तोडत नाहीत. ते बाहेर गेलं की कुलूप बदलतात. मध्येच ती येऊन विचारून गेली, "भाऊजींना उठून बसता येतं का?" तो म्हणाला, "येतं." ती म्हणाली, "बरं." तिचा आवाज नेहमीसारखाच होता आणि त्यामुळे त्याला जास्तच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी नव्हती. डॉक्टरीणबाई आपल्याच चष्म्याची नाकावरची गादी तुटली म्हणून खाली आल्या. त्यानं चष्मा मऊ फडक्यावर ठेवला आणि छोटा पेचकस उचलला. त्या काउंटरवर कोपर टेकवून म्हणाल्या, "बाईंचं छान झालं ना? मी म्हटलं, दोन आठवडे थांबा, मिस्टर येऊ देत. तर म्हणाल्या, ते यायच्या आतच व्हायला हवं." तो वाकून गादीचा स्क्रू बघू लागला. "तसंही थांबण्यासारखं नव्हतं म्हणा," त्या पुढं म्हणाल्या, "बुबुळावर ओरखडा होता. दोनदा झाला होता, एक भरत आलेला, एक ताजा. मी विचारलं, कशानं? तर म्हणाल्या, माझंच नख लागलं. आता इतक्या वर्षांत मी नखाचे ओरखडे थोडे बघितलेत?" एवढं बोलून त्या थांबल्या. त्यांची नजर फडक्यावर होती. त्यानंही बघितलं. पेचकसाचं टोक स्क्रूच्या खाचेभोवती फिरत होतं, खाचेत जात नव्हतं. टेकलं, घसरलं, पुन्हा टेकलं. जेवणाच्या वेळी पाण्याच्या पेल्यावर माशी बसावी आणि हाकलली तरी तिथंच घोटाळावी, तसं. "राहू द्या, सावकाश द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि लगेच वर निघून गेल्या. बिनचष्म्याच्या, कठड्याला हात धरून.

मालकानं मागून येऊन चष्मा उचलला. मालक त्याच्यापेक्षा पुष्कळ लहान, त्याला मामा म्हणे. "द्या मामा, मी करतो. तुम्ही काचांचे डबे लावून घ्या ना." आवाज अगदी सहज. तेव्हा त्याला कळलं की हा सहज आवाज आपण बरेच दिवस ऐकतोय. बिनकडांच्या चौकटी मालक स्वतःच्या टेबलावर नेऊ लागला होता. "मामा, तुमच्यासारखं गिऱ्हाईक कोणी सांभाळत नाही, तुम्ही पुढं बसा," असं म्हणून त्याला आतल्या कामाच्या टेबलावरून पुढं आणून बसवलं होतं, आणि त्यानं घरी जाऊन सांगितलं होतं, आता मला पुढं बसवतात. ती "बरं झालं" म्हणाली होती. सगळ्यांना माहीत होतं. दुकानाला, वरच्या मजल्याला, घराला. हात त्याचा होता आणि बातमी त्यालाच शेवटी पोचली. तो मोरीपाशी गेला, पाणी प्यायला, आणि उजवा हात पुढं धरून बघितला. बोटं कुठलंसं दूरचं यंत्र चालू असल्यासारखी हलत होती, बारीक, न थांबता. म्हणजे गेल्या खेपेला, तिच्या डोळ्यावर वाकला होता तेव्हा, ही हलत होती. तिनं चिमट्याचं टोक येताना बघितलं असणार. सगळ्यात जवळून तिनंच बघितलं असणार. आणि ती मान न हलवता, पापणी न मिटता बसून राहिली. टोचल्यावर तिच्या तोंडून एक आवाज आला होता, त्यानं विचारलं होतं, "दुखलं?" ती म्हणाली होती, "केस मुळातून निघाला वाटतं."

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ती खिडकीशी जमिनीवर बसून घरी आणलेल्या एका जाडजूड पुस्तकाच्या पाठीला कापडाची पट्टी चिकटवत होती. त्यानं चपला काढल्या आणि खुर्चीत बसला. "डॉक्टरीणबाई भेटल्या," तो म्हणाला. ती पट्टीवरून बोट फिरवत राहिली. "नख लागलं म्हणालीस त्यांना."

"मग काय सांगायचं होतं?"

"मला सांगायचं होतंस."

"तुम्ही काढणं सोडून दिलं असतंत."

"सुटलंच की आता."

"ते मी सोडवलं," ती म्हणाली, "तुमच्या हातून सुटलं नाही."

पुस्तकावर वजन म्हणून तिनं इस्त्री ठेवली आणि बोटांची खळ फडक्याला पुसली. तो म्हणाला, "मला वाटलं, तुला माझा हात नकोसा झाला." हे वाक्य काल दुपारपासून त्याच्या आत होतं, बाहेर आलं तेव्हा फारच लहान वाटलं. तिनं वर बघितलं. दोन्ही डोळे सरळ, उघडे. इतकी वर्षं तो हे डोळे एकेकटे, भिंगातून, काठाकाठानं बघत आला होता. दोन्ही मिळून आपल्याकडे बघतात हे तो विसरला होता.

"मला तुम्हाला एक विचारायचंय," ती म्हणाली. "पुष्कळ दिवसांपासून. तुम्ही इतक्या जवळ यायचात, दर वेळी वाटायचं, आज विचारून टाकू. पण तुमचा चिमटा डोळ्याशी आणि तुम्ही म्हणायचात, बोलू नकोस. तेवढं झालं की तुम्ही हात धुवायला उठायचात."

"विचार," तो म्हणाला.

खाली रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं शटर ओढलं. "त्या दिवशी मी औषध घेऊन वर आले," ती म्हणाली, "तेव्हा तुमचा हात तिच्या डोळ्यांवर होता. मी म्हटलं, झोपली का? तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, हो. मी तिची चादर सारखी केली. पाय उघडे होते, झाकले. तिचं तांब्याभांडं घेऊन बाहेर गेले आणि पाणी भरून आणलं. म्हटलं, उठली की मागेल." तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं. "मला इतकंच सांगा. मी तिचे पाय झाकले तेव्हा ती होती का?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. त्यानं तोंड उघडलंही. समोर ते दोन डोळे होते आणि त्यात खुपणारं काही राहिलं नव्हतं, नीट बघत होते. "नव्हती," तो म्हणाला. "तू जिन्यात असशील तेव्हा गेली."

ती मान हलवत राहिली, हळूहळू, कोणीतरी पत्ता सांगावा आणि तो आपण मनात म्हणून घ्यावा तशी. मग म्हणाली, "मग हात कशाला ठेवला होतात?"

"डोळे मिटवले होते तिचे. एक मिटत नव्हता." तो स्वतःच्या हाताकडे बघत होता. "मिटवला की राही, बोट काढलं की पापणी सावकाश वर यायची. मी जन्मभर डोळ्यांशीच काम केलंय, पण मला ते जमेना. तू येशील आणि ती आपल्याकडे बघतेय असं तुला वाटेल, म्हणून धरून ठेवला. बोललो असतो तर माझ्याच्यानं धरवलं नसतं."

"किती वेळ धरलात?"

"तू पाणी भरून आणलंस तोवर."

ती रडायला लागली. आवाज न करता नव्हे, चांगली मोठ्यानं, खांदे हलवून, भुंगी गेली तेव्हा लोकांसमोर रडली नव्हती तशी. पाणी दोन्ही डोळ्यांतून सारखंच आलं. तो खुर्चीतून उतरला आणि जमिनीवर तिच्या शेजारी बसला. तिचं तोंड उजेडाकडे वळवून बघितलं नाही, काही विचारलं नाही. हात मांडीवर कापत होता, तो कापू दिला.